आठ सेकंदांनंतरचा मोकळा फॉर्म

दिवाळी अंकासाठी कामाचा अनुभव लिहून दे, असं आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या तेव्हा मी दोनदा टाळलं. अशा लेखांत मी वाचलेली माणसं निवृत्त असतात. कुणी पोस्टात हयात घालवलेली असते, कुणी रेल्वेच्या केबिनमध्ये. माझं काम अडीच वर्षांचं, तेही अर्धवेळ. सकाळी तास, दुपारी ऑफिस. माझ्याकडे सांगण्यासारखे किस्सेही फार नाहीत. मॅडम म्हणाल्या, "वर्षं कुणी मोजत नाही. घडलंय ते लिही." घडलेलं मुख्य असं एकच आहे. ते सांगताना मी कुठे स्वतःला सांभाळून घेतलं असेल तर वाचणाऱ्यांनी ओळखावं.

मी इनामगावची. वडील सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. शिरूरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. कॉम्प्युटर करते आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत नितीन सरांचं ऑफिस आहे, तिथे काम करते. मंगल कार्यालयं, क्लासेस, रोपवाटिका यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. माझ्याकडे ब्राउझरची बाजू आहे, म्हणजे माणसाला फोनवर जे दिसतं आणि बोटाने दाबता येतं ते. त्याची भाषा जावास्क्रिप्ट. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी बटणाच्या मागचं काम करते. आई म्हणाली, "मागं काय असतंय?"

मागे एक निरोप असतो. बटण दाबलं की फोनमधून एक निरोप निघतो, दूर कुठेतरी ठेवलेल्या मोठ्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो आणि उत्तर घेऊन येतो. आमच्याकडे अजूनही आजोळी निरोप धाडायचा तर दुधाच्या टेम्पोवाल्याकडे देतात. त्यात तीन गोष्टी होऊ शकतात. निरोप पोचला आणि उत्तर आलं. किंवा निरोप पोचलाच नाही. किंवा पोचला, तिकडे सांगितलेलं कामही झालं, पण उत्तर आणणारा टेम्पो वाटेत बंद पडला. घरी ओट्यावर बसलेल्या माणसाला दुसरी आणि तिसरी गोष्ट अगदी सारखी दिसते. दोन्हींत रस्ता मोकळाच असतो.

मग किती वेळ ओट्यावर बसायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. त्या मुदतीला टाइमआउट म्हणतात. मुदत संपली की वाट पाहणं सोडून द्यायचं, त्याला अबॉर्ट. अबॉर्ट केल्याने निघालेला निरोप परत येत नाही. आपण ओट्यावरून उठून आत गेलो, इतकंच. हे मला पहिल्या वर्षीच पाठ होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

अबॉर्ट मी पहिल्यांदा वापरलं ते सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांसाठी. तिकडच्या कारखान्यांत बाहेरून आलेली माणसं खूप, त्यांना खोल्या शोधायला एक पान आम्ही केलं होतं. गाव निवडायचं, खोल्यांची यादी येते. एके दिवशी बिहारचा एक वेल्डर ऑफिसचा जिना चढून आला. शर्ट घामाने भिजलेला, हातात फोन.

"मैडम, ये खोली आपने दिखाई. गणपती मंदिर के पीछे. पूरा सणसवाडी घूमा मैं. मंदिर के पीछे तो गोठा है."

नितीन सर म्हणाले, "बैठो भैया, चाय लो."

"चाय बाद में. पहले ये बताओ, झूठ कौन बोला? मेरा फोन, या आप लोग?"

तो चहा न पिता उभाच राहिला. मी शोध घेतला तेव्हा कळलं. त्याने आधी शिक्रापूर दाबलं होतं, मग विचार बदलून सणसवाडी. दोन निरोप निघाले. सणसवाडीचं उत्तर लवकर आलं, शिक्रापूरचं रेंगाळत आलं आणि आधीच्या यादीवर जाऊन बसलं. वर शीर्षक सणसवाडी, खाली खोल्या शिक्रापूरच्या. मंदिर शिक्रापूरचं होतं.

यावर उपाय सरळ आहे. माणसाने नवीन शोध घेतला की जुना निरोप अबॉर्ट करायचा. मात्र अबॉर्ट केलं की ब्राउझर ती एक चूक म्हणून आपल्या हातात देतो, आणि काही केलं नाही तर पडद्यावर लाल अक्षरं येतात. ज्या माणसाने स्वतःच आधीचा शोध सोडून दिला त्याला लाल अक्षरं कशाला दाखवायची? म्हणून मी एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, की आलेल्या चुकीचं नाव अबॉर्ट असेल तर काही बोलू नकोस, गप्प राहा.

वेल्डरला दोन दिवसांत खोली मिळाली. सर म्हणाले, "शीतल, ही ओळ चांगली आहे, जपून ठेव." मी जपून ठेवली. मला त्या ओळीचा अभिमान होता.

पुढच्या वर्षी दौंडचं काम आलं. एका ट्रस्टचं डायलिसिसचं लहान केंद्र आहे, यंत्रं पाच. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडतात. एका वेळेला चार तास लागतात आणि आठवड्यातून दोनदा तरी यावं लागतं. पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, आणि ते छातीत गेलं तर माणसाला श्वास पुरत नाही. हे सगळं मला रूथ सिस्टरनी समजावलं. सिस्टर मूळच्या दौंडच्याच, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात आणि बाकी सहा दिवस हे केंद्र चालवतात. पाळ्यांची त्यांची एक लांबट वही होती. हातात सुई असताना फोन वाजायचा, की आमची पाळी लिहा. म्हणून ट्रस्टला पान हवं होतं. नियम असा ठरला, की पुढच्या आठवड्याच्या पाळ्या प्रत्येकाने शनिवारी दुपारपर्यंत पानावर नक्की करायच्या. उरलेल्या जागा वाट पाहणाऱ्या रुग्णांना मिळतील.

पहिल्याच दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "करा बाई करा. पण माझी वही आजवर कधी हँग झालेली नाही, एवढं लक्षात ठेव."

भीमाकाठच्या, वडगाव रासाईकडच्या चार रुग्णांना एक व्हॅन आणायची. पोपटमामांची. मामा पन्नाशीचे, बोलायला मोकळे. चौघांनाही स्मार्टफोन वापरता येत नव्हता, तेव्हा चौघांच्या पाळ्या मामाच आपल्या फोनवरून लावणार होते. मी त्यांना केंद्राच्या बाकावर बसून शिकवलं.

"मामा, नाव निवडा, दिवस निवडा, हे बटण दाबा. बस."

"आन् लागली का न्हाई, मला कसं कळनार?"

पाळी लागली की पानावर वरच्या बाजूला एक हिरवी ओळ यायची. पण मामांच्या फोनची काच वरच्या कोपऱ्यात तडकलेली होती, त्यांना तिथलं नीट दिसेना. मी म्हटलं, "मामा, फॉर्म मोकळा झाला की समजायचं पाळी लागली."

"म्हंजी आमच्या गाडीवानी. मोकळी झाली, म्हंजी मानसं पोचली!" मामा हसले. शेजारी किसनआबा होते, तेही हसले. आबा मामांच्याच आळीतले. तरुणपणी नदीवरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. ते मला म्हणाले, "पोरी, सारी हयात लोकांचं पानी चढवलं. आता माझंच पानी मशीन लावून काढत्यात."

पान करताना मी जपून ठेवलेली ओळ उचलून आणली. नदीकाठी रेंज कमजोर, उत्तरासाठी किती थांबायचं? मी आठ सेकंदांचा गजर लावला. गजर वाजला की निरोप अबॉर्ट. आणि एका रुग्णाचं झालं की पुढच्याचं नाव भरता यावं म्हणून शेवटी लिहिलं, की काहीही होवो, फॉर्म मोकळा कर.

तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर बरोबर होती. पण माणसाने स्वतः सोडलेला निरोप आणि माझ्या गजराने तोडलेला निरोप, या दोघांची चूक ब्राउझर मला एकाच नावाने देत होता. अबॉर्ट. आणि अबॉर्टला गप्प राहा, असं मीच लिहिलेलं. म्हणजे पाळी लागली तरी फॉर्म मोकळा, आणि आठ सेकंदांत उत्तर आलं नाही तरी फॉर्म मोकळा. मुदत संपल्याची चूक वेगळ्या नावाने देणारी नवी सोय ब्राउझरमध्ये आली आहे. ती मला माहीत नव्हती असंही नाही. वाचली होती. जुनं चालतंय तर कशाला हात लावा, असं वाटलं होतं.

पाच महिने ते चाललं.

मार्चमधल्या एका शनिवारी मामांना लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. ते नेहमीसारखे भीमेच्या पुलावर मधोमध थांबले, कारण तिथे उंचावर रेंज चांगली मिळते. सोमवारच्या पाळ्या लावायला घेतल्या. आधी दुसऱ्या वस्तीवरच्या तिघांची नावं, शेवटी किसनआबांचं. पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात, तशी ही मामांची रीत होती. आपल्या आळीचा माणूस शेवटी. तिघांचं झालं. आबांचं बटण दाबलं आणि मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. त्याने हॉर्न धरून ठेवला. मामांनी व्हॅन पुढे काढली. पुलाच्या उतारावर रेंज पूर्ण जात नाही. गेली असती तर पानावर लाल अक्षरं आली असती, ती सोय मी केलेली होती. रेंज अर्धी जाते आणि फोनला वाटत राहतं की आहे. खाली पोचल्यावर मामांनी पाहिलं. फॉर्म मोकळा होता.

सोमवारी चौघं दौंडला गेले. सिस्टरच्या यादीत तीन नावं होती. आबांची नेहमीची जागा वाट पाहणाऱ्या एका बाईंना दिली गेली होती आणि त्यांच्या अंगाला यंत्र लागलेलं होतं. सिस्टरनी आबांना दिवसभर बसवून ठेवलं, एखादी जागा होते का पाहू म्हणून. त्याच दिवशी एक अत्यवस्थ रुग्ण आला. जागा झाली नाही. सिस्टर म्हणाल्या, उद्या पहिल्यांदा आबांना घेते, पाणी अगदी कमी प्या. मंगळवारी दिवस उजाडताना आबांना श्वास घेता येईना. त्यांचे चिरंजीव सुनीलदादा त्यांना तसंच गाडीत घालून पुण्याला घेऊन गेले. आबा अतिदक्षता विभागात होते.

मला हे बुधवारी कळलं, सिस्टरच्या फोनवरून. त्यांनी विचारलं, "शीतल, पानावर लिहिलेलं नाव कुठे हरवू शकतं का गं?"

मी ठामपणे म्हटलं, "नाही सिस्टर. सर्व्हरवर आलेली नोंद जात नाही."

हे खरं होतं. आबांचा निरोप सर्व्हरवर आलाच नव्हता. मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र हे नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "मग पोपटमामा विसरलेच म्हणायचे. सुनील तर डेअरीवर सगळ्यांसमोर त्यांना बोललाय. वऱ्हाडाच्या नादात माझ्या बापाला विसरला, म्हणून. आणि ते एकच धरून बसलेत, मी दाबलं, फॉर्म मोकळा झाला."

फोन ठेवल्यावर ते शेवटचे शब्द माझ्या कानात राहिले. ते माझे होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये मी पान उघडलं आणि निरोप मुद्दाम अडकवून ठेवला. बटण दाबलं. घड्याळाकडे पाहत बसले. आठ सेकंद झाले, फॉर्म मोकळा झाला. पडद्यावर काही नाही. मी तीनदा करून पाहिलं.

ऑफिसमध्ये नितीन सरांना दाखवलं. त्यांनी स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "दुरुस्त किती वेळात होईल?"

"आज होईल, सर."

"मग कर आणि चढव. बाकी कुणाला काही सांगू नको. दवाखान्याची बाब आहे, शीतल. लोक एकाचं चार करतात. तुझं शिक्षण व्हायचंय अजून."

सर वाईट नाहीत. वसतिगृहात जागा मिळत नव्हती तेव्हा ते माझ्यासाठी तीन ठिकाणी फिरले होते. मी मान हलवली आणि दुरुस्तीला बसले.

ती दुरुस्ती सांगते, कारण हेच माझं काम आहे. आता मुदत संपली तर पान गप्प बसत नाही आणि फॉर्मही मोकळा करत नाही. प्रत्येक निरोपाला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक मिळतो. उत्तर आलं नाही, तर पान तोच क्रमांक घेऊन पुन्हा विचारतं, की हा तुम्हाला मिळाला का? मिळाला असेल तर सर्व्हर दुसरी पाळी न लावता पहिलीच सांगतो. आणि तरीही कळलं नाही, तर पान मोठ्या अक्षरांत लिहितं, 'पाळी लागली की नाही, कळलेलं नाही. सिस्टरला फोन करा.' कळलेलं नाही, हे तिसरं उत्तर मला पहिल्यांदा सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, मशीनने हो किंवा नाही म्हणावं. कळत नाही म्हणणं कमीपणाचं वाटायचं, वर्गातही वाटतं.

शुक्रवारी नवं पान चढलं. आणि मी गप्प राहिले. रविवारी गावी गेले, आईला काही सांगितलं नाही. आबा अजून पुण्यालाच होते. मामांच्या व्हॅनमधून जाणाऱ्या आणखी दोन घरांनी दुसरी गाडी पाहायला सुरुवात केली, असं सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या. मी "हो का," म्हटलं.

पुढच्या बुधवारी दुपारी मामा स्वतः ऑफिसात आले. चपला जिन्यापाशी काढून आले. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, पुरावा आणल्यासारखा.

"पोरी, एक काम हाय. ह्या मोबाईलात कुठंतरी लिवलेलं असंल न्हवं, का मी शनवारी आबाचं बटन दाबलं हुतं? तेवढं हुडकून दे. एका कागदावं छापून दे, बास."

नितीन सर समोरच्या टेबलावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी फोन घेतला. काही सापडणार नाही हे मला माहीत होतं. सुटलेल्या निरोपाची खूण ठेवायची सोय मी केलीच नव्हती. तरी मी उगाच इकडे तिकडे बोट फिरवत राहिले. मामा माझ्या बोटाकडे बघत होते.

"न्हाई ना?" ते म्हणाले.

"नाही, मामा."

"आसू दे. मला वाटलं, मशीन हाय, लक्षात ठिवत आसंल." त्यांनी फोन परत पिशवीत गुंडाळला. "गाडीचं काय न्हाई गं. दुसरी मानसं मिळतील. पर आबा माझ्या आळीचा हाय. त्याला मी इसरंन व्हय?"

ते जिना उतरून गेले. खाली व्हॅन सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. मग उठून धावले. व्हॅन बसस्टँडच्या कोपऱ्यावर वळत होती. मी पत्र्यावर थाप मारली आणि मामांनी ब्रेक लावला.

खिडकीशी उभी राहून मी सांगितलं. आठ सेकंद, अबॉर्ट, गप्प राहा, सगळं. किती कळलं असेल कोण जाणे. मागून रिक्षावाले हॉर्न देत होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही दाबलं होतं. चूक माझी आहे. आणि मला सहा दिवसांपासून माहीत आहे."

मामांनी इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा मी पाहू शकले नाही, स्टिअरिंगवरचे हात पाहत होते.

"साऽ दिस," ते म्हणाले.

"हो."

"मगाशी वर बसलो हुतो, तवा बी म्हाईत हुतं?"

"हो, मामा."

त्यांनी पिशवीतला फोन समोर काचेपाशी ठेवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मी दाबलंय, मला ठावंच हाय. डेअरीवं सांग. जिथं मला खोटा पाडला तिथं येऊन सांग. आन् नुसतं तोंडानं नगं. करून दाव."

रविवारी सकाळी साडेसहाला मी त्यांच्या गावच्या डेअरीवर होते. नितीन सरांनीच मोटरसायकलवर नेलं. मी जाणार म्हटल्यावर 'एकटी जाऊ नको' म्हणाले, आणि तिथेही शेवटपर्यंत थांबले. आबांना आदल्या दिवशी घरी आणलं होतं. डेअरीवर नेहमीची गर्दी होती, कॅन, किटल्या, फॅट मोजायच्या यंत्रापुढे रांग. सुनीलदादा रांगेत होते. मामा व्हॅनला टेकून लांब उभे राहिले, जवळ आले नाहीत.

मी भाषण पाठ केलं होतं, ते पहिल्याच वाक्याला विसरले. मग दुरुस्तीआधीच्या पानाची प्रत उघडलेला माझा फोन सुनीलदादांच्या हातात दिला. उतारावर झालं असणार तसा निरोप अडकून राहील, अशी तजवीज करून ठेवली होती.

"दादा, आबांचं नाव निवडा. सोमवार निवडा. आणि बटण दाबा."

"कशाला?"

"दाबा ना."

त्यांनी दाबलं. दोन-चार जण वाकून पाहू लागले. एकाने थट्टेत मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. आठला फॉर्म मोकळा झाला.

लांबून मामा म्हणाले, "सुनील, काय दिसतंय?"

"मोकळा झालाय."

"मग लागली का पाळी?"

सुनीलदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही लागली. पान तसंच केलेलं होतं, मी केलेलं होतं. मोकळा झाला की लागली असं समजा, हेही मामांना मीच सांगितलं होतं. त्यांनी त्या दिवशी दाबलं होतं, दादा."

कुणी हसलं नाही. रांगेतल्या एका आजींनी किटली खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजी निरोप गेला न्हाई, आन् त्या मोबाईलनं सांगितलं बी न्हाई?"

"नाही, आजी."

"का?"

मी म्हटलं, "मीच त्याला बोलू नको म्हटलं होतं."

आजी माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत, समजावलंही नाही. किटली उचलून पुढे सरकल्या.

सुनीलदादांनी फोन मला परत दिला. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते अजूनही फारसे बोलत नाहीत आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. आबा घरी आले खरे, पण आता अंगणातून ओट्यावर चढायला त्यांना कुणाचा तरी हात लागतो. त्यातलं किती वयाचं, किती आजाराचं आणि किती त्या एका सोमवारचं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारायला हवं, असं रोज वाटतं. सिस्टर म्हणतात, कुणाची नेहमीची जागा दुसऱ्याला देण्याआधी मी एक फोन करायला हवा होता. आता त्या तो करतात. त्याने माझी चूक कमी होत नाही.

सुनीलदादा कॅन तिथेच ठेवून व्हॅनपाशी गेले. मामांसमोर उभे राहिले. ते काय बोलणार याची सगळी रांग वाट पाहत होती, पण त्यांना माफीचं काही बोलता येईना. शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाले, "मामा, उद्या सोमवार हाय."

मामांनी व्हॅनचं दार उघडलं, आत बसले, किल्ली फिरवली. मग खिडकीतून म्हणाले, "सातला तयार ठेव आबाला. आन् जाड चादर दे बरोबर. मशीनवं त्याला थंडी वाजती."